पोलीस ॲक्शन आणि भीतीचा हिशेब

17 सप्टेंबर हा दिवस बहुतेक वर्षी गणपतीच्या आगेमागेच येतो. 1948 साली तर त्या दिवशी अनंत चतुर्दशीच होती. भारतीय सैन्य 13 सप्टेंबरच्या पहाटे हैदराबाद संस्थानात शिरले आणि 17 तारखेला निजाम मीर उस्मान अली खान यांनी लढाई थांबवल्याचे जाहीर केले. आपल्या आजोबा-पणजोबांनी त्या वर्षी घरात दहा दिवसांचा गणपती बसवला असेल, तर त्याचे विसर्जन आणि सव्वादोनशे वर्षांच्या आसफजाही राजवटीचे विसर्जन एकाच दिवशी झाले म्हणायचे.

आम्ही राज्य सरकारच्या नोकरीत असल्यामुळे या दिवशी सकाळी ऑफिसात झेंड्याला हजर राहणे आलेच. झेंडा तोच, दोरी तीच, मिठाईही बहुधा त्याच दुकानातली. परिपत्रकातले नाव मात्र बदलते. 2022 साली ते ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ होते, 2024 मध्ये ‘प्रजा पालना दिनोत्सवम्’ झाले. केंद्र सरकार याच दिवसाला ‘हैदराबाद मुक्ती दिन’ म्हणते. शेजारच्या किनवटला तोच ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ असतो, आणि बीदर-कलबुर्गीकडे ‘कल्याण कर्नाटक उत्सव’. एकाच तारखेला इतकी नावे लागत असतील, तर तिच्या पोटात काहीतरी अजून मिटलेले नाही असे समजावे.

घरातली वडील माणसे यातले एकही नाव घेत नसत. ती म्हणत ‘पोलीस ॲक्शन’. अमका पोलीस ॲक्शनच्या साली जन्मला, तमक्याची जमीन पोलीस ॲक्शनच्या आधीची. आणि त्याच्या मागचे वर्ष-दीड वर्ष म्हणजे ‘रझाकारी’. या दोन शब्दांवर आपल्या घरांतला सगळा काळ मोजला जात असे. लहानपणी आम्हाला वाटायचे की पोलीस आले, चोर पळाले, एवढेच झाले असेल. पुढे वाचनात आले तेव्हा कळले की त्या ‘पोलिसां’त रणगाडे होते, विमाने होती आणि मेजर जनरल जे. एन. चौधरी यांची पहिली आर्मर्ड डिव्हिजन होती. सैन्याने आपल्या कागदांत त्याला ‘ऑपरेशन पोलो’ असे नाव दिले होते. मग जगाला सांगताना ‘पोलीस’ हा शब्द का निवडला गेला असेल?

आजकाल एक प्रश्न वारंवार विचारला जातो. दहशतवादाची लोकांना वाटणारी भीती पुढे करून राज्यकर्ते लढाया करतात का? चर्चा बहुतेक वेळा अमेरिकेवर जाऊन थांबते. सप्टेंबर 2001 चा न्यूयॉर्कवरचा हल्ला, त्यातून आलेली भीती, आणि तिच्या जोरावर मार्च 2003 मध्ये इराकवर झालेली चढाई. त्याआधी 5 फेब्रुवारी 2003 ला कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत इराकच्या महासंहारक अस्त्रांबद्दल भाषण केले. ती अस्त्रे पुढे सापडलीच नाहीत. हे उदाहरण सोपे आहे, कारण त्यात सांगितलेला धोकाच मुळात खोटा निघाला. दूरच्या देशातल्या पुढाऱ्याला नावे ठेवायला आपल्याला काही खर्चही येत नाही. आम्हाला हा प्रश्न आपल्या अंगणात आणून विचारावासा वाटतो. इथले उत्तर अवघड आहे, कारण इथली भीती खरी होती.

ती किती खरी होती ते आधी नीट सांगितले पाहिजे. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना 1927 ची. 1944 साली बहादुर यार जंग वारले आणि काही काळाने तिची सूत्रे लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या हाती आली. रझाकार म्हणजे तिचे स्वयंसेवक. नांदेड जिल्ह्यात बिलोलीजवळ अर्जापूर इथे गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली ती 1946 मध्येच, म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्याही आधी. 1948 च्या मे महिन्यात बीदर जिल्ह्यातल्या गोरट्यात आणि ऑगस्टमध्ये वरंगळकडच्या बैरानपल्लीत कत्तली झाल्या. बैरानपल्लीत एका दिवसात ऐंशीहून अधिक माणसे गेली. गावेच्या गावे सरहद्दीपलीकडे गेली. आपल्या भागातल्या कितीतरी घरांनी पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात नातेवाइकांकडे आसरा घेतला, आणि त्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीवरच्या कॅम्पांतून लढत होते. विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारा ‘इमरोज’चा तरुण संपादक शोएबुल्ला खान याला ऑगस्ट 1948 मध्ये खुद्द हैदराबाद शहरात ठार केले गेले. रझाकारांची दहशत फक्त हिंदूंवर होती असे सांगणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

आता दुसरी बाजू. संस्थानात मुसलमान लोकसंख्या शेकडा बारा-तेराच्या आसपास होती. 1947 च्या फाळणीत उत्तरेत काय झाले याच्या बातम्या इथपर्यंत येत होत्या, आणि शेजारच्या प्रांतांतून मुसलमान निर्वासितही संस्थानात येत होते. त्यांचे हाल बघून इथल्या साध्या मुसलमान विणकराला, शेतमजुराला, चपराशाला भीती वाटली असेल तर ती काही नाटकी भीती नव्हती. कासिम रझवींनी त्या भीतीवरच आपले दुकान मांडले. विलीनीकरण झाले तर तुमची कत्तल होईल, म्हणून रझाकार व्हा, हत्यार धरा, असे ते सभांतून सांगत. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याच्या गोष्टी करीत. ज्या लोकांचे आपण रक्षण करतो आहोत असे ते म्हणत होते, त्याच लोकांना या भाषणांनी सर्वांत मोठ्या संकटात ढकलले. भीतीचा वापर कसा होतो याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. निजाम आणि त्यांचे पंतप्रधान मीर लायक अली यांना हे थांबवता आले नाही, किंवा थांबवायचे नव्हते. जून 1948 मध्ये माउंटबॅटन जाण्याआधी तडजोडीचा मसुदा तयार झाला होता. तो निजामाने नाकारला, आणि तिथे बोलणी जवळजवळ संपलीच.

मग दिल्लीने काय केले? 29 नोव्हेंबर 1947 ला झालेला ‘जैसे थे’ करार मोडला, हत्यारे चोरून आणली, रझाकारांनी अत्याचार केले, अशा तक्रारींची एक श्वेतपत्रिका भारत सरकारने 1948 मध्ये, कारवाईच्या आधीच, प्रसिद्ध केली. मे 1948 मध्ये संस्थानाने कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठवली होती. त्यावरून रझाकार आणि कम्युनिस्ट एकत्र आले, हाही मुद्दा पुढे आला. श्वेतपत्रिकेतले पुष्कळसे खरेच होते. पण सरकारी कागद हाताळणाऱ्या माणसाला एक गोष्ट लगेच दिसते: फाईलवर काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही ते आधी पाहावे. निजामाचे राज्य भारतात आले नाही तर देशाच्या पोटात एक परका देश राहील, ही दिल्लीची मुख्य अडचण होती. ती अडचण योग्यच होती. व्याऐंशी हजार चौरस मैलांचा मुलूख मध्येच सोडून देश चालत नाही. पण ही राजकीय गरज लोकांपुढे मांडली गेली ती मुख्यतः रझाकारांच्या दहशतीच्या भाषेत, कारण ती भाषा गावोगाव ताबडतोब कळत होती.

आणि ‘पोलीस’ हा शब्द? काश्मीरचे प्रकरण 1 जानेवारी 1948 पासून संयुक्त राष्ट्रांत होते. हैदराबादनेही ऑगस्टमध्ये सुरक्षा परिषदेकडे तक्रार पाठवली, आणि 16 सप्टेंबरला, म्हणजे लढाईच्या चौथ्या दिवशी, ती परिषदेपुढे आली. ‘युद्ध’ म्हटले की दोन देश आले, आंतरराष्ट्रीय कायदा आला. ‘पोलीस ॲक्शन’ म्हटले की घरातला बंदोबस्त. आमच्या खात्यात रस्ता नवा करायला मंजुरी मिळत नसेल तर ‘दुरुस्ती’ म्हणून अंदाजपत्रक करतात, त्यातलाच हा प्रकार. शब्द मुत्सद्देगिरीचा म्हणून चोख होता. पण त्याचा एक परिणाम पुढे झाला, ज्याचा विचार तेव्हा कोणी केला असेल असे वाटत नाही. लढाई म्हटली की दोन्ही बाजूंचे मेलेले मोजावे लागतात. बंदोबस्तात मेलेले मोजायचे काम कोणाचेच नसते.

लढाई पाच दिवसांत संपली. सोलापूरकडून आलेल्या फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतले. 18 तारखेला जनरल एल एद्रूस यांनी चौधरींपुढे रीतसर शरणागती पत्करली. रझाकार संघटना बेकायदा ठरली, चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. आपल्या घरांतल्या गोष्टी इथे संपतात. नदीपलीकडे गेलेली माणसे परत आली, दारावर तोरणे लागली.

नोव्हेंबर 1948 च्या अखेरीस नेहरूंच्या सांगण्यावरून तीन माणसे संस्थानात आली: पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी. 21 डिसेंबरपर्यंत त्यांनी सोळापैकी नऊ जिल्हे पाहिले आणि जिथे जाता आले नाही अशा शंभरावर गावांच्या पाचशेहून अधिक लोकांना भेटून विचारपूस केली. कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर संस्थानभर किमान 27 हजार ते 40 हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. यात बहुतेक मुसलमान होते. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे, आणि इतिहासकारांत त्यावर एकमत नाही. पण मोजायला गेलेले सरकारी सांगण्यावरून गेलेले तेवढेच होते. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य झाला नाही. तो छापला गेला नाही, आणि अभ्यासकांना दिल्लीतल्या नेहरू स्मारक ग्रंथालयात सहज पाहायला मिळाला तो 2013 च्या सुमारास. पासष्ट वर्षे!

सर्वांत जास्त हानी झालेले म्हणून समितीने चार जिल्हे सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. आदिलाबादचे नाव त्यात नाही म्हणून आपण निश्चिंत होऊ नये. 1948 सालचा मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आदिलाबादमधून तिकडे गेले आणि मुधोळ इकडे आले. भैंसा, बासर, मुधोळकडची जी मराठी कुटुंबे या अंकाची वाचक आहेत, त्यांची गावे तेव्हा त्या चारांपैकी एका जिल्ह्याची होती. सीमा कागदावर हलल्या, पण जे घडले ते जिथे घडले तिथेच राहिले.

समितीने लिहिलेली आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. अनेक ठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, आणि हे विशेषकरून एकाच धंद्यातल्या लोकांत दिसले. हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी उभे राहिले, काहींनी त्यात प्राण गमावले. त्यांच्या नावाचा चौक आम्ही कुठे पाहिला नाही.

आमची आजी रझाकारीच्या गोष्टी रंगवून सांगायची. बैलगाडीत भांडी कशी घातली, रात्री नदी कशी ओलांडली, म्हातारी सासू गाडीत बसायला कशी तयार नव्हती. परत आल्यावर घर जसेच्या तसे सापडले, हेही सांगायची. गल्लीच्या टोकाला एका पिंजाऱ्याचे घर होते, त्याच्याकडे आमच्या घरच्या गाद्या भरल्या जात. परत आल्यावर ते घर रिकामे होते. कुठे गेले म्हणून आम्ही विचारले, तर आजी म्हणायची, ‘गेले बाबा.’ बस. एवढी बोलकी बाई, पण त्या घराविषयी तिच्या तोंडून याहून जास्त काही कधी आले नाही. ते लोक हैदराबादला गेले असतील, चांगले राहिलेही असतील. पण रझाकाराचे नाव, त्याची टोपी, त्याची आरोळी हे सगळे ज्या बाईला साठ वर्षांनीही आठवत होते, तिला आपल्या गाद्या भरणाऱ्याचे पुढे काय झाले हे ठाऊक नव्हते किंवा सांगायचे नव्हते. असे एक तरी रिकामे घर बहुतेकांच्या गावात असणार.

आता ज्यांनी भीती पेटवली त्यांचे काय झाले ते पाहू. निजाम 26 जानेवारी 1950 ला राजप्रमुख झाले आणि 1956 पर्यंत त्या पदावर राहिले. लायक अली 1950 मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात पोहोचले. कासिम रझवींना शिक्षा झाली. 1957 मध्ये सुटून तेही पाकिस्तानात गेले आणि 1970 साली तिथे वारले. गोरट्याच्या शेतकऱ्याला आणि उस्मानाबादच्या विणकराला जायला पाकिस्तान नव्हते आणि बसायला गादीही नव्हती.

भीतीला एकदा सैन्य मिळाले की ते लगेच परत जात नाही, हेही आपल्याच राज्यात दिसले. रझाकार संपल्यावर तेच सैन्य तेलंगणातल्या कम्युनिस्टांच्या मागे लागले. ज्या शेतकऱ्यांनी नलगोंडा-वरंगळकडे रझाकारांशी सर्वांत आधी झुंज दिली, तेच आता धोका ठरले. ती चळवळ 1951 च्या अखेरीस थांबली. पुढे धोक्याचे नाव नक्षलवाद झाले. 20 एप्रिल 1981 ला आपल्या जिल्ह्यात इंद्रवेल्लीला गोंडांच्या सभेवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा 13 मृतांचा, बाकीचे त्याच्या कितीतरी पट सांगतात. ते लोक जमिनीच्या पट्ट्यांसाठी जमले होते. त्यांच्या जमिनी ज्यांच्या हातात गेल्या होत्या त्यांत महाराष्ट्रातून येऊन स्थायिक झालेलेही होते. उत्सवाच्या अंकात हे वाक्य काहींना टोचेल, पण 1940 साली निजामाच्या पोलिसांनी जोडेघाटात मारलेल्या कोमरम भीमच्या पुतळ्याला आपण हार घालतो, तर इंद्रवेल्लीच्या स्तूपाकडे मान वळवून जाणे बरे दिसत नाही.

यावरून आम्ही पोलीस ॲक्शनच्या विरोधात आहोत असा अर्थ कोणी काढू नये. ती झाली नसती तर आमची आजी परत आली नसती, आणि हा लेख वऱ्हाडातल्या कुठल्या तरी मंडळाच्या अंकात आला असता किंवा आलाच नसता. रझवींच्या हाती राज्याची लगाम असताना बोलण्यातून मार्ग निघाला असता असे आम्हाला वाटत नाही. पण कारवाई रास्त होती आणि तिच्यासाठी लोकांची भीती वापरली गेली, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. खोटी भीती वापरणाऱ्याला निदान पुढे कधीतरी उघडे पडावे लागते, जसे इराकच्या बाबतीत झाले. खरी भीती वापरली की कोणी हिशेब मागत नाही. ‘रझाकार’ या शब्दाची कक्षा सप्टेंबर 1948 च्या त्या दिवसांत हळूहळू वाढत गेली. हत्यार धरलेल्या माणसापासून सुरू होऊन ती त्याच्या भावापर्यंत, मग त्याच्या मोहल्ल्यापर्यंत आणि शेवटी गाद्या भरणाऱ्यापर्यंत पोहोचली. दिल्लीतल्या कोणी ‘हे सगळे रझाकार’ असे लिहिले नव्हते. लिहायची गरजही पडली नाही. लोकांना कोणाची भीती बाळगायची ते वर्षभर सांगितले गेले होते, आणि कोणाची नाही बाळगायची हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

1948 साली जी मुले दहा-बारा वर्षांची होती ती आज नव्वदीच्या घरात आहेत. आपल्या मंडळाच्या सभासदांच्या घरांत अशी चार-सहा माणसे तरी असतील. दरवर्षी आपण त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. या वर्षी सत्कारानंतर त्यांच्याजवळ थोडे बसावे आणि रझाकारीच्या आठवणींबरोबर पोलीस ॲक्शननंतरच्या महिन्यांच्या आठवणीही विचाराव्यात: गल्लीत कोण राहत होते, कोण परत आले, कोण आले नाही, कोणी कोणाला लपवले. घरोघरी जुन्या पेट्यांत निजामाच्या काळचे उर्दू कागद पडलेले असतात, जमिनीचे, वसुलीचे, फसली सनाचे. ते वाचणारी माणसे गावात फार उरलेली नाहीत, पण आहेत. मंडळाने ठरवले तर रविवारी आणि सुटीच्या दिवशी वही घेऊन यायला आम्ही तयार आहोत.